डावा कोपरा

“हा बघ. हाही बघ. आणि ह्यात तर मी बेडकीसारखी फुगलेय,” ताई म्हणाली आणि तिने तोही फोटो पलंगावर भिरकावला.

पलंगावर फोटोंचा ढीग झाला होता. तीन अल्बम रिकामे झाले होते, चौथा तिच्या मांडीवर होता. हे सगळे फोटो ज्याने काढले तो तिचा धाकटा भाऊ पलंगाच्या कडेला अर्धामुर्धा टेकला होता, आणि एकेक फोटो पडत होता तसा त्याचा चेहराही पडत होता. गेली सव्वीस वर्षं हा माणूस एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढत होता आणि सुट्टीच्या दिवशी फोटो. नात्यात कुणाकडे चार माणसं जमली की हा कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. फोटो कसा काढावा यावर कुणी न विचारता प्रवचन द्यायची तर त्याला भारी हौस. प्रकाश पाठीमागून नको, बाजूने हवा. मागे काय आहे ते आधी बघा, नाहीतर माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवतो. दोन पावलं पुढे या. आणखी एक या. ऐकणारे माना डोलवायचे आणि मोबाइलवर आपल्याला हवे तसे फोटो काढून मोकळे व्हायचे.

“एकच मागतेय मी,” ताई म्हणाली. “हसतानाचा. एवढ्या ढिगाऱ्यात एक सापडू नये?”

“असेल गं. नीट बघू.”

“तूच बघ आता. माझे डोळे दुखायला लागले.”

घाईला कारण होतं. ताईच्या डाव्या कानाखाली गाठ आली होती आणि सर्जनने आदल्या दिवशी समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं होतं. गाठ साधी दिसतेय, जिवाला धोका नाही. पण चेहरा हलवणारी नस त्या गाठीला लगटून जाते. वाचवायचा प्रयत्न करू. नाही वाचली तर डावीकडचं तोंड हलणार नाही. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. ताईने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, घरी आली आणि सकाळ होताच माळ्यावरून अल्बम खाली काढले. रडली वगैरे नाही. ती शहरबसवर कंडक्टर होती. भर गर्दीत उभं राहून काम करणाऱ्या बाईला रडत बसायची सवयच नसते. “मी हसते कशी ते मला बघून ठेवायचंय,” एवढंच तिने भावाला फोनवर सांगितलं होतं. “नंतर कुणाकुणाला विचारत फिरू?”

“मामा,” भाची म्हणाली. ताईची ही एकुलती एक लेक तरणतलावावर पोहायला शिकवायची. एवढा वेळ ती जमिनीवर फतकल मारून फोटो ओळीने मांडत होती. “ह्यात सगळ्यांचे खांदे वर का आहेत?”

“कुठे?”

“हे काय. आई, मामी, मी, शेजारचे काका. सगळ्यांची छाती भरलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. पहिल्यांदा पाण्यात तोंड घालायला लावलं ना, की माणसं अश्शी दिसतात. मामा, ह्या सगळ्यांनी श्वास धरलाय.”

मग दाराशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “अय्या! अहो, तुम्हीच नाही का सांगत? श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका... आणि मग दाबता!”

“मी?”

“नाही, मी! आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या बाबांना तुम्ही इतका वेळ श्वास रोखायला लावला होतात की ते खोकत खोकत खुर्चीवर बसले.”

“मग कुणी मला सांगितलं का नाही?”

“आम्हाला काय माहीत! वाटलं, चांगल्या फोटोसाठी असंच करावं लागतं. तुम्ही त्यातले जाणकार ना?”

त्याने कपाळाला हात लावला. खरंच त्याला ठाऊक नव्हतं. दिवसाला साठ-सत्तर वेळा जे वाक्य तोंडातून जातं, ते सुट्टीच्या दिवशीही जातच होतं, आणि सगळं खानदान इमानेइतबारे श्वास रोखून उभं राहत होतं. सव्वीस वर्षं!

आणि ताई हसायला लागली. आधी नुसती खांद्यातून, मग मोठ्याने, मग मांडीवरचा अल्बम खाली पडला तरी तिला थांबवेना. भाची हसली, बायको हसली, शेवटी तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, जो फोटो सकाळपासून शोधतोय तो इथे समोर आहे, आणि कॅमेरा तिकडे खुर्चीवर, चेन लावलेल्या पिशवीत. तो उठेपर्यंत ताईचा हात सहज गालावरून कानाखाली गेला. गाठ हाताला लागली आणि हसू तिथेच संपलं.

“आठ दिवस आहेत,” ती अल्बम उचलत म्हणाली. “बघ काय जमतंय.”

घरी येताना त्याने कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडीच ठेवली. बायकोलाही कळलं होतं, तिने छेडलं नाही.

त्याला फोटोचं वेड लागलं तेच मुळी एक्स-रेमुळे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रस्त्यात एका माणसाने त्याला मिठी मारली. साहेब, ओळखलंत का, तुम्हीच माझा फोटो काढला होतात. हा त्या माणसाकडे बघतच राहिला. काही केल्या ओळख पटेना. मग त्या माणसाने सांगितलं की गळ्याचं हाड मोडलं होतं, वाकडं जुळलं. आणि याला ते हाड लख्ख आठवलं. कुठे मोडलं होतं, किती वाकडं जुळलं, सगळं. चेहरा तेवढा नाही. त्या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटली की पुढच्या महिन्यात त्याने कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला. चेहरे बघायचे, असं ठरवून घेतला. पुढे काय झालं कोण जाणे! लेन्स कुठली, उजेड किती, मागची भिंत कशी, पुस्तकं वाच, लोकांना शिकव. सगळं शिकला, आणि चेहरा बघायचा तेवढा राहून गेला. त्या रात्री जेवताना हे सगळं त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग आता बघा की. कुणी अडवलंय?”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याने खरंच बघितलं. एक्स-रेच्या खोलीत त्याची जागा शिशाच्या काचेमागे. तिथून तो नेहमी यंत्रावरचे आकडे बघायचा. आज त्याने आकडे लावले आणि मान वर केली. समोर एक वयस्कर गृहस्थ पाटीला छाती चिकटवून उभे होते, मान मात्र त्याच्या बाजूला वळलेली. “श्वास घ्या. रोखा. हलू नका.” गृहस्थांचा चेहरा गायब झाला. म्हणजे नाक, डोळे, मिशी जागच्या जागी. पण घरात कुणी नसावं तसं. “सोडा.” खांदे खाली आले. तरी चेहरा काही परत आला नाही. झालं का, हे त्यांना कळत नव्हतं. मग कळलं, त्यांनी शर्ट कुठे ठेवला ते आठवून बघितलं, आणि त्या क्षणी माणूस परत आला. अगदी सगळाच्या सगळा. चेहऱ्यावर थोडी लबाडीही होती, जी आत येताना अजिबात दिसली नव्हती.

त्याला गंमत वाटली. पुढच्या माणसाला त्याने आणखी नीट बघितलं. त्याच्या पुढच्या बाईला त्याहून नीट. दुपारपर्यंत चाळीसेक माणसं झाली. ‘सोडा’ म्हटल्याबरोबर चेहरा येत नाही, हे पक्कं झालं. दोन श्वास जावे लागतात. आणि माणसाला वाटावं लागतं की आता आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. कुणी दार शोधतं, कुणी चपला, कुणी बाहेर थांबलेलं माणूस. काहीतरी शोधायला लागलं की चेहरा येतो. सव्वीस वर्षं हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं आणि पठ्ठ्या आकडे बघत होता!

“काय हो,” शेवटी नर्सबाई म्हणाल्या, “आज पेशंटकडे टक लावून बघताय. एका बाईंनी मला विचारलं, माझ्यात काही भयंकर निघालं का म्हणून.”

“नाही हो. उलट चांगलं निघालं,” तो म्हणाला. नर्सबाईंनी त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं.

मंगळवारी संध्याकाळी प्रयोग बायकोवर. ती ओट्याशी भाजी चिरत होती. त्याने ट्यूबलाइट बंद केला, तशी ती ओरडली. “अहो, बोट कापेल!” खिडकीतून पुरेसा उजेड येतोय, तोच चांगला, वरचा उजेड डोळ्यांखाली खड्डे पाडतो, असं त्याने समजावलं. मागचं फडकं काढलं, डबे बाजूला सारले. मग उंच स्टुलावर बसला, कारण उभं राहून काढलं की आपण त्या माणसाकडे वरून बघतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. बायको ताठ उभी राहिली, केस सारखे केले आणि आपोआप श्वास भरून घेतला. त्याने एक फोटो काढला. “झालं,” म्हणाला. कॅमेरा खाली घेतला, पण मांडीपर्यंतच. ती वळली, ओट्यावरची विळी पुढे ओढली, आणि एका टोमॅटोकडे असं काही रोखून बघू लागली की त्या बिचाऱ्याची धडगत नव्हती. त्याने दाबलं.

“आता हा कशाला? झालं म्हणालात ना? फसवता होय मला!”

त्याने पुन्हा दाबलं.

दोन्ही फोटो त्याने तिला दाखवले. पहिल्यात नेहमीची फुगलेली बाई. दुसऱ्यात ती भांडत होती, भुवई वर गेलेली, हातातला टोमॅटो हलून गेलेला. तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, “ही तर माझी आई.”

“कुठे?”

“इथे भुवईपाशी. मला कध्धीच कुणी सांगितलं नाही, मी आईसारखी दिसते म्हणून.” तिने डोळे पुसले आणि लगेच दरडावलं, “आता दिवा लावा.”

एवढं झाल्यावर त्याला वाटलं, जमलं. बुधवारी तो ऐटीत ताईकडे गेला. खिडकीशी खुर्ची ठेवली, पडदा अर्धा ओढला, भाचीला पांढरी चादर धरून समोर उभं केलं, म्हणजे उजेड परतून दुसऱ्या गालावर पडेल. ताई येऊन बसली. आणि एखादा माणूस हसण्याचं काम करायला बसल्यावर जे होतं, तेच झालं. तिने दात दाखवले. त्याने “झालं” म्हटलं, तर ती जागची हलली नाही.

“मला तुझ्या बायकोने सगळं सांगितलंय. झालं म्हणून तू पुन्हा काढणार आहेस.”

“अगं, तू तिकडे लक्ष नको देऊस.”

“कसं नको देऊ? तू तिथे मांजरासारखा दबा धरून बसलायस.”

त्याने विनोद सांगितले. त्याचे विनोद ऐकून घरात आजवर कुणी हसलं नव्हतं, आजही नाही. भाचीने नकला केल्या. ताई हसली, पण तोंडाने. दर वेळी हसू येतंय असं वाटलं की हात गालाकडे जायचा. शेवटी ती म्हणाली, “राहू दे रे. नाही येत. मी दिवसभर विचार करते की हे शेवटचं, हे शेवटचं. असं म्हणून हसता येतं का कुणाला?”

चादर घडी करून तो घरी आला आणि सोफ्यावर बसून राहिला. बायकोने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही ताईंना हसवायला जाता, तिथेच चुकता. त्या घरी कधी हसतात? घरी त्यांना बसायला फुरसत नसते. त्या हसतात बसमध्ये. तुम्ही कधी गेलाय त्यांच्या बसमध्ये?”

तो गेला नव्हता. एकाच शहरात राहून, एवढ्या वर्षांत एकदाही नाही. त्याचा दवाखाना एका टोकाला, तिचा मार्ग दुसऱ्या.

शुक्रवार हा ताईचा ऑपरेशनआधीचा कामाचा शेवटचा दिवस. त्याने रजा टाकली आणि सकाळी नऊला तिच्या बसमध्ये चढला. मागच्या बाजूला एका खांबाला टेकून उभा राहिला. ताई गर्दीतून वाट काढत आली.

“तिकीट?”

“ताई, मी आहे.”

“दिसतंय. भाऊ घरी. इथे तिकीट.”

आजूबाजूचे हसले. त्याने मुकाट्याने तिकीट घेतलं.

पहिल्या फेरीत त्याने कॅमेरा बाहेर काढलाच नाही. फक्त उजेड बघितला. हलत्या गाडीत माणसामागे कॅमेरा घेऊन धावलं तर हाती काही लागत नाही. आधी जागा हेरायची आणि माणूस तिथे येईपर्यंत थांबायचं, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. बस पुलावर चढली की डावीकडे वळायची आणि ऊन बाजूच्या खिडकीतून तिसऱ्या खांबावर यायचं. पूल संपेपर्यंत राहायचं. म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत ताई त्या खांबाशी हवी, आणि हसायला हवी.

दुसऱ्या फेरीत तो तिसऱ्या खांबासमोरच्या सीटवर बसला. ताई त्याला विसरूनही गेली होती. आणि तो बघत राहिला. घरातली ताई ही नव्हेच! एक साहेब म्हणाले, सीट आहे का हो? ताई म्हणाली, “आहे की. पण तिच्यावर माणूस बसलाय.” दोन बाया जागेवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, ताईने दोघींना विचारलं, उतरायचं कुठे, तर दोघींना पुढच्याच स्टॉपवर. “मग भांडण तिथपर्यंत पुरवून वापरा,” ती म्हणाली, आणि त्या दोघीच आधी हसल्या. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. लोक हसल्यावर ती हसत नव्हती. ती आधी हसायची, मग लोक. तिचं हसू बघून लोकांना कळायचं, की अरे, हे एवढं काही वाईट नाही. गर्दी तीच, पण जरा सैल व्हायची. पुढे सरका, असं तिला फार वेळा सांगावंच लागत नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या हसण्याला क्रम होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, भास असेल. म्हणून त्याने परत बघितलं, आणि परत. नाही, तसंच होतं. आधी ओठांचा डावा कोपरा वर जायचा. उजवा मागाहून, डाव्याने खुणावल्यासारखा. मग डोळे मिटायचे. दर वेळी डावा आधी. जी बाजू सोमवारी जाणार होती, तिथूनच तिचं हसू सुरू होत होतं. मान खाली घालून तो बराच वेळ हातातलं तिकीट बघत बसला.

तिसऱ्या फेरीत एक गृहस्थ उभा पंखा घेऊन चढले. पंखा त्यांच्याहून उंच. गर्दीतून पंखा पुढे, गृहस्थ मागे. बस पुलावर चढली, ऊन आत आलं.

“पंख्याचं तिकीट काढावं लागेल का हो?” त्यांनी घाबरत विचारलं.

“अर्धं,” ताई म्हणाली. “वारा घालणार असाल तर माफ.”

आणि डावा कोपरा वर गेला. त्याने दाबलं. उजवा गेला, डोळे मिटले, त्याने दाबलं. कुणाचं तरी कोपर मध्ये आलं, तरी दाबलं. पूल संपला. बसमधल्या कुणालाच काही कळलं नव्हतं, ताईलाही नाही. ती पुढच्या स्टॉपचं नाव पुकारत होती.

घरी येऊन त्याने फोटो मोठा करून बघितला. त्याच्या स्वतःच्या सगळ्या नियमांचं वाटोळं झालं होतं. ताईच्या डोक्यातून बसचा खांब उगवला होता. एका बाजूला कोपर, दुसऱ्या बाजूला पंख्याची जाळी, तिकिटाचं मशीन अर्धं कापलेलं, खिडकीवरच्या ‘दारात उभे राहू नये’ या पाटीतलं ‘दारात’ गायब. आणि मधोमध ताई हसत होती. बायको म्हणाली, “ह्याला हात लावू नका. काही कापू नका, काही पुसू नका.” त्याने लावला नाही.

रविवारी त्याने छापलेला फोटो ताईच्या हातात दिला. ती उठून उजेडात गेली.

“मी अशी दिसते?”

“हो.”

“आरशात तर अशी कधी दिसले नाही.”

“आरशासमोर आपण हसतो कुठे, ताई?”

“म्हणजे इतकी वर्षं हे सगळे लोक बघत होते, आणि मला एकटीलाच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं. मग तिने फोटोवर बोट ठेवलं. “हे इथून सुरू होतं का रे?”

त्याला खोटं बोलायचं होतं. बोलता आलं नाही. “हो,” तो म्हणाला. “दर वेळी.”

तिने मान हलवली, फोटो पाकिटात घातला आणि दवाखान्याच्या पिशवीत नाइटड्रेसखाली ठेवला.

ऑपरेशन पाच तास चाललं. गाठ साधीच निघाली. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी हे आधी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यावरूनच उरलेलं कळलं. नसेची डोळ्याकडे जाणारी शाखा वाचली होती. ओठांकडची गाठीत गुरफटलेली होती, ती कापावी लागली. भाची बाकावर बसून हमसाहमशी रडली. त्याने तिला जवळ घेतलं. “गाठ साधी निघाली, हे बघ,” असं तो म्हणत राहिला. ते खरंही होतं. पण तो कोपरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पट्ट्या निघाल्या, टाके निघाले. बोलताना प आणि ब ओठांतून निसटायचे, पाणी पिताना रुमाल लागायचा. व्यायाम शिकवणारी बाई दिवसातून तीनदा आरशासमोर बसायला सांगून गेली. व्यायाम सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी ताईचा फोन आला.

“अरे, तुझा फोटो चुकलाय. आरशाशेजारी लावला, तर डावा कोपरा उजवीकडे येतो. माझा गोंधळ होतो.”

“फोटो बरोबर आहे, ताई. लोक तुला बघतात तसा तो आहे. आरसा उलटा असतो.”

“मग मला लोकांचं नको. मला माझं दे.”

त्याला हे आधी सुचलं नाही म्हणून तो स्वतःवरच चडफडला. डावं-उजवं चुकू नये म्हणून रोज प्रत्येक एक्स-रेवर खुणेचं अक्षर लावणारा माणूस तो! त्याने फोटो आरशासारखा उलटा करून छापला. पाटी वाचता येईनाशी झाली, पंखा या बाजूचा त्या बाजूला गेला, आणि ताईचा डावा कोपरा तिच्या डाव्या हाताला आला.

सहा आठवडे झाल्यावर तिने कामावर जायचं ठरवलं. सोमवारपासून. भाची म्हणाली, अजून थोडी रजा घे. ताई म्हणाली, “घरी बसून कोपरा वर यायचा असता तर एव्हाना आला असता.” त्या रविवारी तो तिच्याकडे गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पलंगावर इस्त्री केलेला युनिफॉर्म पसरला होता. ताई आरशासमोर बसली होती, आरशाच्या कडेला तो उलटा फोटो खोचलेला. तो आल्याचं तिने आरशातूनच बघितलं. डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावून तिने तो वर उचलला.

“एवढं होतं?”

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. आरशात बघितलं, फोटोत बघितलं.

“थोडं वर.”

“एवढं?”

“वर, आणि जरा बाहेर. कानाकडे.”

“मला नाही रे कळत,” ताई म्हणाली. “तूच दाखव.”

पेशंटची हनुवटी, खांदा, मनगट जागेवर लावायच्या आधी तो तळवे एकमेकांवर चोळायचा, गार लागू नयेत म्हणून. तसे त्याने चोळले. मग वाकला, तर्जनी कोपऱ्यापाशी टेकवली, हलकेच वर नेली, किंचित बाहेर, आणि थांबला.

“इथे,” तो म्हणाला.

ताईने उजवा कोपरा आपणहून त्याच्या बरोबरीला आणला.

आतून भाचीने हाक मारली, चहा निवतोय म्हणून.

“थांब जरा,” ताई म्हणाली. ती आरशात बघत होती. त्याने बोट काढलं नाही.